मरोद्याची पिवळी माती

रेल्वेतून निवृत्त झालो आणि बायकोला घेऊन भिलाईला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. मुलगा कारखान्याच्या बांधकामावर फिटर होता. मी दुर्ग लाइनवरचा गँगमन. रुळाखालची गिट्टी ठोकण्यात जन्म गेला. त्याआधी, लग्नाच्याही आधी, भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात मी दंडारीच्या नाटकांचे पडदे रंगवायचो. महाल, जंगल, नदी. नोकरी लागली आणि ते सुटलं. कोणाला सांगायचंही राहून गेलं.

भिलाईत मला काम नव्हतं, म्हणून खोदकाम पाहत हिंडायचो. जिकडेतिकडे खड्डेच होते. एका सकाळी मरोद्याकडे एक मजूर बाई डोक्यावर टोपली घेऊन खड्ड्यातून वर आली. टोपलीतली माती हळदीसारखी पिवळी. मी मूठभर मागितली.

"का करबे बबा?" हिचं काय करणार, असं तिनं हसत विचारलं.

मलाच ठाऊक नव्हतं. "देखूंगा," म्हणालो आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधून घेतली.

घरी येऊन पाट्यावर वाटायला बसलो, तर सून धावत आली. "मामाजी, काय करून राहिले? त्या पाट्यावर मले चटणी वाटाची आहे!"

मग मागच्या आंगणातली एक फरशी धरली. बाभळीचा डिंक घातला, काडी चावून तिचा कुंचला केला आणि भिंतीवर एक पट्टा ओढला. दुपारपर्यंत त्याचे पापुद्रे गळाले. डिंक वाढवला, तर तडे गेले. तिसऱ्या खेपेला रंग धरला.

तेव्हापासून प्रत्येक नव्या खड्ड्यात वाकून पाहायची खोडच लागली. ओली असताना विटकरी दिसणारी माती वाळल्यावर गुलाबी निघायची, काळी राखाडी व्हायची. आधी काहीच सांगता यायचं नाही. मला त्याचीच गंमत वाटे. "बबा, सोना मिला क्या?" असं मजूर विचारायचे.

पुढे त्याच भिंतीवर मी ती टोपलीवाली काढायला घेतली. टोपली जमली, मान जमली, लुगडंही जमलं. बायको सुपात डाळ घेऊन आंगणात आली आणि थबकली.

"हे येत होतं तुमाले? इतक्या वर्षांत मले कावून नाही सांगितलं?"

"गँगात रंगाचं काय काम?"

"मी का गँगात होती?"

मी काडी पुन्हा रंगात बुडवली. ती चित्राजवळ आली.

"हिले पाय कावून नाहीत?"

"जमून नाही राहिले."

तिनं सूप खाली ठेवलं, ओट्यावर बसली आणि लुगडं थोडं वर घेऊन पाय पुढं केला. "पाहा आन काढा."

मी खाली बसलो. एवढा संसार झाला, पण या पायाचं कोणतं बोट लांब, हे मला सांगता आलं नसतं. अंगठ्याशेजारचं लांब होतं. करंगळी आडवी, शेजारच्या बोटावर रेललेली. जोडव्याखालची कातडी वेगळ्याच रंगाची, ओल्या मुरुमासारखी.

"झालं का?" तिनं विचारलं.

"थांब," मी म्हणालो, "दुसरा पण पाहू दे."