पुरेशा मोठ्या कंपनीचे माधवअण्णा

बंगळुरूच्या मराठी मंडळाच्या सभागृहात मी आयटी कंपन्यांवर तोफ डागली होती. वाढीच्या हव्यासापायी माणसं भरडली जातात, असं घसा ताणून सांगितलं. भाषण संपल्यावर एक उंच गृहस्थ जवळ आले. “सरी, बरोबर आहे तुमचं. पण माझीही एक कंपनी आहे. स्वल्प येऊन बघा, मग आम्हालाही शिव्या द्या.” माधवअण्णा इंगळे यांची माझी ओळख अशी झाली.

जे. पी. नगरमधल्या त्यांच्या कचेरीत मी वाद घालायच्या तयारीनंच गेलो. डझनभर माणसं आणि काम एकच: छोट्या छापखान्यांच्या ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर. अण्णांचा दंडक असा, की ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानंच पाळीपाळीनं गिऱ्हाइकांचे फोन उचलायचे. त्या दिवशी पाळी अण्णांची होती. चामराजपेटेतला एक छापखानावाला ओरडत होता, “मुलीचा बाप दारात बसलाय आणि लग्नपत्रिकेची ऑर्डरच दिसत नाही!”

“चूक आमची. फोन ठेवू नका,” अण्णा म्हणाले. दुरुस्ती होईपर्यंत ते त्याच्याशी बोलत राहिले. अखेरीस पलीकडून हसू ऐकू आलं.

याच एका कामावर त्या सर्वांचे संसार उत्तम चालतात. घरं झाली, मुलं शिकली.

पुढे व्हाइटफील्डची एक बडी कंपनी त्यांना विकत घ्यायला आली. अट होती, छोटे छापखाने सोडायचे. अण्णांनी सगळ्यांना बसवून विचारलं. मलाही बोलावलं होतं. ‘विकू नका’ म्हणून मी गर्जणार, तेवढ्यात त्यांच्या सर्वांत जुन्या सहकारी सुनंदाअक्का म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही नाहीच म्हणणार, ठाऊक आहे. पण साठी जवळ आली तुमची. तुम्ही थकलात की आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं?”

मी लिहून आणलेलं भाषण घडी करून खिशात ठेवलं.

काही दिवसांनी अण्णांनी नकार कळवला आणि कंपनीची मालकी सर्व सहकाऱ्यांत वाटून टाकली. प्रमुखपद अक्कांकडे दिलं. धंदा वाढला नाही तर मरतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही कचेरी एकदा पाहावीच. परवाच अक्कांनी अण्णांचा एक लाडका बेत सर्वांदेखत मोडीत काढला. “नको अण्णा, गिऱ्हाइकाला झेपणार नाही.”

“सरी, अक्का,” म्हणून अण्णा खाली बसले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

साठी पूर्ण करणाऱ्या अण्णांना माझं वंदन. आपल्यावाचूनही कंपनी उत्तम चालते, हे निवांत पाहण्याइतकं दीर्घ, निरोगी आयुष्य त्यांना लाभो. आणि अक्कांकडून अधूनमधून त्यांची सूचना फेटाळलीही जावो!