हॉलंडच्या गुरुजींसाठी बेंगलोरला बारा दिवस

हे मी वहीत लिहितेय आणि माझी नात मुक्ता ते टाइप करून तिच्या प्रवासाच्या ब्लॉगवर टाकणार आहे. तिला बजावून ठेवलंय, बाई गं, एक शब्द सुधारायचा नाहीस. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलेलंच राहू दे. का, ते पुढं येईल.

नव्वद सालानंतर सहा-सात वर्षांनी, दिवाळी नुकतीच सरली होती, तेव्हा बेंगलोरहून अण्णाचं कार्ड आलं. अण्णा माझा थोरला भाऊ. आम्ही निपाणीचे. घरातले बाकी सगळे तंबाखूच्या वखारीला लागले, हा एकटा बेळगावला कॉलेजात लॅटिन शिकला आणि पाद्री होणाऱ्या मुलांना ती भाषा शिकवायला बेंगलोरला गेला. धोतर नेसलेला माणूस पाद्र्यांना त्यांचीच भाषा शिकवतो म्हटल्यावर लोक आमच्या आईला विचारायचे, "बाटला का हो?" आई म्हणायची, "नाही, पगार घेतो."

तर कार्ड. एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली. "सुमे, पुस्तकाची प्रुफं आली. डोळे चाललेत. वाचायला ये. स्वेटर आण." प्रुफं म्हणजे छापायच्या आधी छापखाना तपासायला पाठवतो ते कागद, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमचे हे म्हणाले, "चौथी शिकलेलीला बोलावतोय? प्रोफेसर संपले वाटतं तिकडचे!" खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं. पण वीस वर्षं अण्णा त्या पुस्तकामागे होता. वहिनी गेली, मुलगा परदेशी गेला, पुस्तक तेवढं राहिलं होतं.

सकाळी साडेसहाला कर्नाटकची लाल गाडी धरली. तुम्ही जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, दुपारनंतर उजवीकडचे भाजून निघतात. रस्ता तेव्हा आतासारखा रुंद नव्हता. समोरून ट्रक आला की ड्रायव्हर अर्धी गाडी मातीत उतरवायचा आणि आमच्या मागची बाई दर वेळी बाळंतपणात ओरडावं तशी ओरडायची. धारवाडला पेढा घेतला. दावणगिरीला लोण्याचा डोसा खाल्ला, इतकं लोणी की कागदातून पदराला लागलं. चित्रदुर्गाचे दगड पाहून वाटलं, कुणीतरी खेळता खेळता टाकून गेलंय. बेंगलोरच्या मॅजेस्टिक स्टँडवर उतरले तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते आणि स्वेटर का आणायला सांगितला ते कळलं.

अण्णा बसवनगुडीत राहायचा, गांधी बझारच्या मागे. घरमालकीण गौराबाई. यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. मराठी बोलतात, पण मध्ये मध्ये कन्नड असं येतं, भातात खडा यावा तसं; पण गोड खडा. दारातच अण्णाला पाहिलं आणि माझे डोळे भरले. तो माझ्याकडे बघत होता, पण जरा बाजूला, माझ्या खांद्याच्या पलीकडे. गौराबाईंनी माझा हात धरला. "अक्का, स्वल्प कॉफी घ्या आधी. मग रडा."

दुसऱ्या दिवशी सात वाजता कामाला बसलो. टेबलावर दोन गठ्ठे. एक अण्णाच्या हातचा, एक छापखान्याचा. रीत अशी, मी हातच्या गठ्ठ्यातलं एक वाक्य मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. मग छापलेल्या कागदावर बोट ठेवून तेच वाक्य शोधायचं आणि फरक असेल तर अण्णा सांगेल ती खूण समासात करायची. लाल शाईनं. मला वाटलं, यात काय, श्रावणात पोथी मीच वाचते की घरी.

पुस्तक कशावर? चारशे वर्षांपूर्वी युरोपात काही विद्वान होते. ग्रीकांची, रोमनांची फार जुनी पुस्तकं, मूळची कधीच नाहीशी झालेली. उरल्या नकला. नकलेची नकल, तिची नकल. ही माणसं जन्मभर त्या नकला शेजारी शेजारी मांडून बसायची आणि मूळ माणसानं काय लिहिलं होतं ते शोधायची. नावं मला तेव्हाही म्हणता यायची नाहीत. त्यांतल्या एकावर अर्धं पुस्तक होतं, मी त्यांना हॉलंडचे गुरुजी म्हणायची. धर्माच्या भांडणात गाव सुटलेलं, पुस्तकांच्या पेट्या घेऊन बायकोनं चार शहरांत चूल मांडलेली. मुलं झाली, मुलं गेली. विद्यार्थी घरातच जेवायचे. कुणी भेटायला आलं की गुरुजी रोजनिशीत लिहायचे, "आज मित्र आले. दिवस वाया." अण्णाही तसाच झाला होता. गौराबाई बिसीबेळे भात घेऊन आल्या की हा घड्याळाकडे तोंड करायचा, दिसत नसलं तरी.

पहिल्याच सकाळी मी वाचलं, "गुरुजी रोज पहाटे देवाला भजत, पूर्णविराम."

अण्णा म्हणाला, "पुन्हा वाच."

बघते तर लिहिलेलं, "देवाशी भांडत."

"अरे, पहाटे उठून देवाशी कोण भांडतं?"

"ते भांडत. पाच लेकरं पुरली होती त्यांनी. तू भजायला लावलंस."

"बरं दिसलं असतं."

तो हसला. म्हणाला, "सुमे, मठात नकला करणारे दोन तऱ्हेचे असायचे. एकाला भाषा धड येत नसे. तो जसं दिसेल तसं उतरवायचा. दुसऱ्याला थोडंफार कळायचं, तो सुधारत जायचा, कारण त्याला बरं दिसायला हवं. पुस्तकं बिघडवली ती या दुसऱ्यानं. माझा एक विद्यार्थी प्रोफेसर आहे, वाचायला येतो म्हणत होता. त्यानं पहिल्या पानापासून माझं मराठी सुधारलं असतं, आणि मला ते दिसलं नसतं."

"म्हणजे मी अडाणी म्हणून बोलावलंस?"

"तू जसं आहे तसं वाचशील म्हणून. आजपासून."

मी दुपारपर्यंत त्याच्याशी कामापलीकडे बोलले नाही. पण खरं सांगू, आयुष्यात पहिल्यांदा माझी चौथी कुणाच्या तरी कामाला आली होती.

मग दिवस असे जायचे. सकाळी काम. दहाला गांधी बझारात फुलं, भाजी. तिथं उभ्यानं खायची हॉटेलं होती, खारा भात आणि केसरी भात, म्हणजे आपला उपमा आणि शिरा, एका ताटलीत मिळायचा, कॉफी स्टीलच्या पेल्यात. दोघांचं पोट वीस रुपयांत भरायचं. एका दुपारी गौराबाई मला चिकपेटला घेऊन गेल्या. ती गर्दी! साड्यांच्या गठ्ठ्यांखालून माणसं वाट काढतात. दुकानदारानं भाव सांगितला की गौराबाई म्हणायच्या, "सरी, सरी, आमी चाललो," आणि उठायच्या. तिसऱ्यांदा उठल्यावर भाव उतरला. मी जांभळी घेतली. घरी आल्यावर अण्णानं पोत चाचपला आणि विचारलं, "किती पानं बुडाली?"

त्याचे डोळे रोज थोडे जात होते. पहिल्या दिवशी त्याला लाल खूण कागद नाकाशी धरला की दिसायची. सातव्या दिवशी तो बोटानं कागदाची कड शोधायला लागला.  छापखान्यानं बारा दिवसांची मुदत दिली होती.

नवव्या दिवशी तो जेवून पडला होता, म्हणून मी पुढची पानं चाळली. गुरुजींचं शेवटचं प्रकरण. त्यांचे डोळे जातात. वीस वर्षं चाललेलं काम टेबलावर तसंच, आणि ते मेणबत्ती आणखी जवळ आणा म्हणतात, आणि मेणबत्ती आधीच हाताशी असते. मला पुढं वाचवेना. अण्णानं हे कधी लिहिलं? डोळे चांगले होते तेव्हाच की. आता त्याच्याच तोंडावर मी ते कसं वाचू?

चारला बसलो. मी तो परिच्छेद सोडला आणि सरळ पुढचा वाचला.

  अण्णा म्हणाला, "मेणबत्ती कुठं गेली?"

"कुठली?"

"सुमे, ते मी लिहिलंय. मला पाठ आहे."

"नाही वाचवत रे. तुला कशाला ऐकवायचं?"

"दया आली म्हणून गाळलेलंही गाळलेलंच असतं. त्यांचे डोळे गेले. त्यांच्याकडून ते काढून घेऊ नकोस. माझ्याकडूनही."

मग मी वाचलं. स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. मेणबत्ती आली. त्यानंतर एक वाक्य आलं. गुरुजींच्या मुलीबद्दल होतं. ते वाचल्यावर मला कळलं, मला बोलवायचं अण्णाच्या मनात कधीपासून होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, छापलेला कागद नुसता धूसर. त्या परिच्छेदावर मी बोट फिरवलंच नाही.

"छापलेलं पाहिलंस ना?" अण्णानं विचारलं.

"पाहिलं," मी म्हटलं.

बाराव्या दिवशी दोन्ही गठ्ठे सुतळीनं बांधून रजिस्टर केले. तो कार्तिकातला सोमवार होता आणि बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरली होती. रस्ताभर शेंगांचे ढीग, ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या. तुम्ही गेलात तर याच दिवसांत जा. अण्णा स्वतःहून म्हणाला, चल. त्याच्या दंडाला धरून पायऱ्या चढले. देवळात तो दगडी नंदी, काळाभोर, छतापर्यंत. अण्णानं विचारलं, "कसा दिसतोय?"

मी म्हटलं, "मोठा आहे. शेंगा खाऊन बसलाय. डोळे उघडे आहेत."

"सुधारलं नाहीस ना काही?"

"नाही."

परत येताना गाडीत मांडीवर शेंगांची पिशवी होती आणि अख्ख्या वाटेत ते 'पाहिलं' आठवत होतं. वाटलं, हजार वाक्यांतलं एक. कशाला चुकतंय.

उन्हाळ्यात निपाणीला पार्सल आलं. पुस्तकाच्या दहा प्रती, नातेवाइकांना आणि वाचनालयांना द्यायला. मी आधी ते पान काढलं. पान एकशे बेचाळीस. मेणबत्ती होती. मुलगी नव्हती. दोन वाक्यं लागोपाठ 'बसत' या शब्दावर संपत होती, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडाली आणि मधलं सगळं गेलं. पोथी वाचताना माझीही नजर अशीच उडते, मग सासूबाई मागून हटकायच्या. इथं हटकायला मला बसवलं होतं.

चौकातल्या एसटीडी बूथवरून फोन लावला. गौराबाईंनी अण्णाला हाताला धरून आणलं असावं, पावलं ऐकू आली. काचेच्या खोपटात उभी राहून मी सांगितलं. पाहिलं नव्हतं, पाहिलं म्हणाले होते. मुलगी गेली.

मीटरवर आकडे पळत होते. मला वाटलं, फोन तुटला.

मग अण्णा म्हणाला, "गुरुजींना अशी गळलेली वाक्यं कुठं सापडायची, ठाऊक आहे?"

"कुठं?"

"समासात. कुणीतरी चूक कळल्यावर कडेला लिहून ठेवलेली. सगळ्यात भरवशाची जागा. पेन आहे?"

"आहे."

त्यानं सांगितलं, स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. मी तळहातावर लिहून घेतलं. घरी येऊन दहाही प्रतींत लिहिलं, लाल शाईनं. दहाव्या प्रतीपर्यंत माझं अक्षर बरंच सुधारलं होतं.

पुढच्या कार्तिकात अण्णा गेला. त्याचं जाणं मला आता दुखत नाही असं नाही. पण बेंगलोर म्हटलं की मला आधी ते टेबल दिसतं, सात वाजता, थंडी, आणि माझा आवाज ऐकत बसलेला अण्णा. पोटच्या पोरांनीही माझं इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात मुक्ताचा फोन आला. कोल्हापुरात कॉलेजच्या लायब्ररीत तिनं मामाआजोबांचं पुस्तक शोधून काढलं. म्हणाली, "आजी, कडेला कुणीतरी लाल शाईनं लिहिलंय. हे पुस्तकातलं आहे की वाचणाऱ्यानं घुसवलंय?" मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली. मग तिला म्हटलं, वाच. तिनं वाचलं आणि मी डोळे मिटून ऐकत बसले.

बाकीच्या प्रती कुठं कुठं असतील, कुणास ठाऊक. त्यांत ती मुलगी नाही. म्हणून हे सगळं लिहिलं. पुस्तक जाडजूड, निळं, कुठल्या तरी वाचनालयात धूळ खात असेल. हाती लागलं तर पान एकशे बेचाळीस काढा. "संध्याकाळी ते खिडकीपाशी बसत." इथं थांबा, आणि कडेला, वाचता येईल अशा अक्षरात, हे लिहा:

"त्यांच्या मुलीला लॅटिन येत नव्हते, तरी लिहिले आहे तसे ती मोठ्याने वाचून दाखवी, आणि ते डोळे मिटून ऐकत बसत."