गिरगावला सांगा!

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. टेलिफोनच्या बोर्डापुढे बसून राहायचं, ते आपणहून कानात येऊन पडतात. आणि कानात पडलेलं बाहेर काढायची ऑपरेटरला बंदी, त्यामुळे ते आतल्या आत साचत जातात. मला नोकरी सोडून आता इतकी वर्षं झाली, की ती बंदी उठली असं मी माझ्यापुरतं जाहीर करून टाकलंय. चहा घेताय ना? मग ऐका.

आमची कंपनी पत्र्याच्या ट्रंकांची. धामापूरकर बंधू. ऑफिस गिरगावात फणसवाडीच्या तोंडाशी, कारखाना लालबागला, दुकान दादरला. ऑफिसात बसायचे थोरले, त्यांना सगळे अप्पा म्हणत. दुकानात धाकटे, ते भाऊ. पाटीवर 'बंधू' असं ठसठशीत लिहिलेलं, आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते!

कारण विचाराल तर फूल. भाऊंनी दुकानातल्या ट्रंकांवर गुलाबाची फुलं रंगवून घेतली होती. लग्नाचं गिऱ्हाईक खूश. अप्पांचं म्हणणं, ट्रंक कशी, हिरवी आणि कोरी असली पाहिजे. त्यांनी भाऊंना न विचारता सगळा माल कारखान्यात परत मागवला आणि फुलांवर हिरवा रंग मारून घेतला. तेव्हापासून अबोला.

पण धंदा म्हटला की बोलावं तर लागतंच. आधी आमचा शिपाई गंगाराम ट्रामने निरोप घेऊन जायचा. ट्राम रमतगमत जाणार, गंगाराम वाटेत पान खाणार, त्यामुळे गिरगावात तापलेला राग दादरला पोचेपर्यंत गार व्हायचा. हे अप्पांना पसंत नव्हतं. त्यांनी तिन्ही जागा जोडणाऱ्या खास लाइनी घेतल्या, बोर्ड गिरगावात बसवला आणि बोर्डावर बसवायला मुलगी शोधायला लागले.

मी भोईवाड्याची, नुकतीच मॅट्रिक झालेली. वडिलांचं गिरणीतलं काम सुटलेलं, घरातल्या सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मुलाखतीत अप्पांनी विचारलं, "शेजारी दोन माणसं भांडत असली, तर तुम्ही काय करता?"

मी खरं ते सांगितलं. "दारात उभी राहून ऐकते."

"मध्ये पडत नाही?"

"नाही."

"उद्यापासून या!"

*

पहिल्याच दिवशी मला कळलं, मी कुठे येऊन पडलेय ते.

बोर्डाला तिन्ही जागांच्या लाइनींची छोटी झाकणं होती. पलीकडून कुणी हँडल फिरवलं की झाकण टपकन पडायचं. आपण एक दोरी इकडे खोचायची, एक तिकडे, आणि बाजूला व्हायचं. निदान मला तसं शिकवलं होतं. मी अप्पांना दादर जोडून दिलं आणि बाजूला झाले. लाइनीवर शांतता! दोघांचे श्वास मात्र ऐकू येत होते.

मग अप्पा म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, खिळ्यांचा हिशेब लागत नाही."

आता हे भाऊंनी ऐकलेलं होतं. लाइन जोडलेली होती, अप्पांचा आवाज खणखणीत होता. तरी भाऊ गप्प. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, खिळ्यांचा हिशेब लागत नाही म्हणतात."

"त्यांना सांगा, खिळे कारखान्यात मोजतात, दुकानात नाही."

"अप्पा, खिळे कारखान्यात..."

"ऐकू आलं मला! त्यांना सांगा, मी बहिरा नाही!"

"भाऊ, ते बहिरे नाहीत."

"त्यांना सांगा, शंका होती!"

असं तास-तास चालायचं. एकदा कंटाळून मी नुसतं "तेच" म्हटलं, तर अप्पा काचेपलीकडच्या त्यांच्या केबिनमधून उठून माझ्यापाशी आले. "बाई, पगार पूर्ण घेता ना? मग वाक्यही पूर्ण सांगा."

त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे दोघे वाटणी करून वेगळे झाले, तर लाइनी जाणार, म्हणजे माझी नोकरी गेली. आणि समेट होऊन बोलायला लागले, तर मध्ये बोलायला मी कशाला हवी? म्हणजे तरीही गेली! दोघांचं भांडण रोज थोडं थोडं, बेतानं चालू राहण्यावर आमच्या घरची चूल पेटत होती. आई देवापुढे हात जोडून काय मागू म्हणून विचारायची आणि मला सांगता यायचं नाही.

*

लालबागची तऱ्हा वेगळी. तिथे सगळा दिवस पत्र्यावर हातोडे. फोन भिंतीवर, पण कानाला लावला की ठणठणाटाशिवाय काही नाही. शेवटी कारखान्याच्या बाबल मेस्त्रींनी नियम काढला, फोन वाजला की सगळ्यांनी हातोडे खाली ठेवायचे. बोलणं संपेपर्यंत कुणी पत्र्याला हात लावायचा नाही.

नियम चांगला होता. कामगारांना तर फारच आवडला. बाबल मेस्त्री बोलायला लागले, की बाकीचे विड्या पेटवायचे.

एकदा उन्हाळ्याची दुपार. लालबागचं झाकण पडलं. मी घाईघाईने दोरी खोचली. "बोला मेस्त्री, कोण देऊ? अप्पा की भाऊ?"

"कोण नको बाई," मेस्त्री हळूच म्हणाले. "सकाळधरना एक पण फोन येवक नाय. पोरां दमली. तुम्ही आपलो एक करा मां!"

*

अप्पांची एक सवय होती. ट्रंक बोटांच्या पेरांनी ठोकून ते पत्रा जाड की पातळ ते सांगायचे. आवाजावर त्यांचा भारी विश्वास. लाइनी आल्यावर त्यांना वाटलं, आता लालबागला जायची गरजच काय? मेस्त्रींनी रिसीव्हर ट्रंकेजवळ धरायचा, ठोकायचं, आणि अप्पांनी गिरगावात बसून माल पास करायचा!

एकदा मोठी ऑर्डर होती. भाऊ हटून बसले, आपल्यालाही ऐकायचंय. मी तिन्ही जागा एकत्र जोडल्या. हातोडे थांबले. लाइनीवर श्वास रोखून सगळे गप्प. आणि आवाज आला, ठण, ठण, ठण!

"पातळ आहे!" अप्पा गरजले. "दादरला सांगा, माल पातळ आहे!"

"गिरगावला सांगा, जाड आहे! एवढा जाड पत्रा त्यांनी जन्मात ऐकला नसेल!"

"दादरला सांगा, वडिलांनी मला पत्रा ऐकायला शिकवलं तेव्हा हे पाळण्यात होते!"

मी इकडून तिकडे सांगते आहे, तिकडून इकडे सांगते आहे, घामाघूम. वडील, पाळणा, फूल, हिरवा रंग, सगळं निघालं. बऱ्याच वेळाने मध्येच मेस्त्रींचा आवाज आला.

"अप्पानु, मी अजून ट्रंक वाजवूकच नाय! ह्या चायवाल्यान दरवाजो वाजवल्यान!"

*

तुमच्या लक्षात आलं का, ते एकमेकांना काय म्हणत होते? नाव घ्यायचं नाही म्हणून अप्पा भाऊंना 'दादर' म्हणायचे आणि भाऊ अप्पांना 'गिरगाव'. दादरला पडसं झालंय. गिरगाव आज उपाशी आहे, एकादशी. मलाही तशीच सवय लागली.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. कधी हरताळ, कधी मोर्चा, कधी कुठे गोळीबार झाल्याची बातमी. लोक सगळे कान टवकारून. अशात एका सकाळी पत्र्यावरून दोघांचं बिनसलं आणि मेस्त्रीही रुसले. मी बोर्डावरून मेस्त्रींना समजावत होते, "हे बघा, गिरगाव सकाळपासून पेटलंय! दादर कुणाचं ऐकायला तयार नाही! आणि आता लालबागनेही काम बंद केलं तर कसं होणार?"

माझ्यामागे एक गिऱ्हाईक नमुन्याची ट्रंक बघत उभं होतं. ते कधी पसार झालं, कळलंच नाही. थोड्या वेळाने धाड धाड आवाज यायला लागले. आधी समोरचा पानवाला, मग शिंपी, मग डेअरी, सगळ्या गल्लीची दुकानं बंद!

गंगाराम धापा टाकत आत आला. "बाई, लवकर घरी जावा! सगळीकडे पेटलंय!"

"कुणी सांगितलं?"

"अवो, आपल्याच हापिसात टेलिफोन आला म्हणतात!"

*

अप्पांचं घर ऑफिसच्या वरच्या मजल्यावर. तिथेही एक फोन होता. रोज दुपारी वहिनींचं, म्हणजे अप्पांच्या पत्नींचं, झाकण पडायचं. "भावोजींका विचार गो, जेवले काय."

भाऊंचं लग्न झालेलं नव्हतं. अबोल्याआधी ते वरच जेवायला असायचे. आता दुकानामागच्या खोलीत राहत. मी विचारायची आणि भाऊंचं उत्तर ठरलेलं, "सांगा त्यांना, जेवलो." कधी इकडचं तिकडे नाही.

वहिनी एकदा मला म्हणाल्या, "जेवलो म्हणता, पण खोटा बोलता. आवाजावरना कळता. ह्यांका सगळी दुनिया अप्पा म्हणता, तो एकटो दादा म्हणायचो. आता मेलो गिरगाव म्हणता!" आणि त्यांनी डोळे पुसले. मला वहिनींचं फार वाईट वाटायचं. पोळ्या करणाऱ्या बाईला एक पान कमी वाढणं किती जड जातं, ते मलाही कळत होतं.

ही विचारपूस चालली, की काचेपलीकडे अप्पांची मान कागदात असायची, पण पेन थांबलेलं असायचं. मग केबिनमधून विचारणा, "काय म्हणतंय दादर?"

"जेवलं, अप्पा."

"मी कुठे विचारलं?"

*

आणि मग एकदा वाटणीची गोष्ट निघालीच. कारखाना अप्पांचा, दुकान भाऊंचं. वकील ठरले. अप्पांनी मला बोलावून सांगितलं, "लाइनी परत करायच्यात. महिनाअखेरीनंतर तुम्ही दुसरं बघा, बाई." आवाज कोरडा, ट्रंकेसारखाच हिरवा आणि कोरा. घरी मी हे सांगितलंच नाही. वडील गिरणीच्या फाटकावरून रोज हात हलवत परत यायचे, त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

वकिलाकडे जायच्या आदल्या आठवड्यात शिवाजी पार्कला सभा होती. मी गेले. सगळा भोईवाडा गेला होता. नोकरी जाणार म्हणून आलेला सगळा राग मी त्या घोषणांत घातला. "झालाच पाहिजे!" म्हणून अशी ओरडले, अशी ओरडले, की शेजारची बाई कानावर हात ठेवून पुढे जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले, तर घसा बंद. आवाज म्हणून नाही. गंगारामला हातवारे करून सांगितलं, तर तो हसत बसला आणि मग कामाला लालबागला निघून गेला.

दुपारी वहिनींचं झाकण पडायच्या सुमारास अप्पांनी दादर मागितलं. मी दोरी खोचली. भाऊंनी फोन उचलला.

अप्पांनी आज रिसीव्हर हाताने झाकला, भाऊंना त्यांचा आवाज जाऊ नये म्हणून. "बाई, दादरला सांगा," ते केबिनमधूनच मला म्हणाले, आणि जरा खोकले. मग म्हणाले, "सांगा, सोमवारी वकिलाकडे या."

मी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

अप्पांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मी गळ्याकडे बोट दाखवलं. "घोषणांना घसा आहे, आणि नोकरीला नाही?" ते पुटपुटले. पण रिसीव्हर त्यांनी खाली ठेवला नाही.

लाइन जोडलेली. पलीकडे भाऊ. "हॅलो? बाई?"

अप्पांचा हात रिसीव्हरवर तसाच.

"हॅलो! बाई, बोला की. गिरगावात काही झालंय का?" भाऊंचा आवाज चढला. "सकाळपासून इकडे काय काय ऐकू येतंय. गोळीबार झाला का तिकडे? हॅलो! कुणीतरी बोला!"

मी दोरीला हात लावला, तशी अप्पांनी काचेतून नुसती मान हलवली. नको.

"बाई, लाइनवर आहात ना?" भाऊ आता ओरडत होते. "दादा कुठाय? दादा बरा आहे ना?"

अप्पांनी हाताने झाकलेला रिसीव्हर उघडा केला. तोंडाजवळ नेला. परत लांब केला. मग परत जवळ नेला.

"जेवलास काय रे?"

पलीकडची, दादरच्या रस्त्यावरून जाणारी ट्राम मला गिरगावात ऐकू आली.

मग भाऊंचा आवाज आला. बसलेला, माझ्यासारखाच.

"बाई... सांगा त्यांना. नाही जेवलो."

"ऐकलं मी," अप्पा म्हणाले.