'स्था'च्या लेकी

लग्न होऊन मी तुळजापुराहून येडशीला आले तेव्हा हे तिथल्या स्टेशनावर कारकून होते. माझे वडील शास्त्री. मुलगा नव्हता, म्हणून संस्कृत त्यांनी मला शिकवलं. त्यांची रीत निराळी होती. एक धातू द्यायचे आणि म्हणायचे, आता याची पोरंबाळं हुडकून आण. 'स्था' म्हणजे उभं राहणं. त्यातून स्थान निघालं, ठाणं निघालं, हे कुणालाही कळेल. पण गाई उभ्या राहतात तो गोष्ठ, म्हणजे आपला गोठा; शिवाय रोजचं 'ऊठ' आणि 'पाठव' हीही त्याचीच लेकरं, हे कळलं तेव्हा मला घबाड सापडल्यासारखं झालं होतं.

येडशीत मुलींना शाळा नव्हती. आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर आसपासच्या मुली जमवून मी त्यांना मराठी लिहाय-वाचायला शिकवू लागले. निजामाच्या राज्यात परवानगीवाचून शाळा चालवता येत नसे आणि सरकारी शिक्षण उर्दूत. कुणीतरी वर कळवलं. एका सकाळच्या गाडीनं शाळा तपासणारे साहेब उतरले, ते थेट आमच्या ओट्याशी आले. हैदराबादचे, उतारवयाचे, अंगात शेरवानी, पण मराठी स्वच्छ बोलणारे.

मुली तेव्हा 'स्था'चेच शब्द सांगत होत्या. मी त्यांना थांबवलं नाही. साहेब उभ्यानंच ऐकत राहिले. मग म्हणाले, फारसीत उभं राहण्याला 'इस्तादन' म्हणतात, हिंदुस्तानातलं 'स्तान'ही त्याच घरचं. मला भारी अभिमान वाटला. म्हणजे फारसीही संस्कृतातूनच निघाली म्हणायची, असं मी बोलून गेले.

"नाही, बाई," साहेब म्हणाले. "त्या दोघी बहिणी. आई कधीच गेली."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या आईचं बोलणं कुणी लिहून ठेवलं नाही. विलायतेतल्या पंडितांनी लेकींचे शब्द शेजारी शेजारी मांडले आणि आईचा धातू अदमासानं उभा केला, 'स्ता'सारखा काहीतरी. हे दारात उभे होते. इंग्रजीतलं 'स्टँड' आणि आमचं हे स्टेशनही त्यातलंच का, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी मान डोलावली. एका वाण्याच्या मुलीच्या घरी कानडी बोलत. तिनं हळूच विचारलं, आमची कानडी? तिचं घराणं वेगळं, साहेब म्हणाले. पोरगी खाली बघू लागली.

एवढं सगळं गोडीनं बोलून झाल्यावर त्यांनी वर्ग बंद करायला सांगितलं. मराठी शिकून कचेरीत या मुलींना कोण विचारणार, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"साहेब, मला दिवाळीपर्यंत मुदत द्या," मी म्हणाले. "याच मुली मराठीतून शिकून तुम्हांला उर्दू वाचून दाखवतील. नाही जमलं तर मीच वर्ग मोडीन."

थोडा विचार करून ते कबूल झाले. त्यांची गाडी गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, "तुला उर्दू येतं कुठं?"

येत नव्हतंच. ह्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं. संध्याकाळी हे मला शिकवायचे आणि तेच मी सकाळी मुलींना शिकवायचे. अक्षरं उजवीकडून डावीकडं चालतात याचं पहिल्यांदा मुलींना फार हसू आलं, मग सवय झाली. नुकतं कुठं वळण बसलेल्या हातांनी त्या धुळीत 'अलिफ' काढत. शब्दांना मी वडलांची रीत लावली. नाम म्हणजे नाव, दस्त म्हणजे हस्त, बिरादर म्हणजे भ्राता. नातं कळलं की शब्द परका राहत नसे. भाद्रपद सरता सरता मुली स्टेशनावरची उर्दू पाटी मोठ्यानं वाचू लागल्या.

ठरल्याप्रमाणं साहेब दिवाळीआधी आले. पाठ केलेलं नको म्हणून त्यांनी आपलंच पुस्तक आणलं होतं. एकेक मुलगी उठली, वाचून बसली. एक-दोघी अडखळल्या, पण कुणी रडलं नाही. शेवटी त्यांनी 'स्तान'चा एखादा शब्द विचारला. एकीनं कब्रस्तान सांगितलं. मग ती वाण्याची मुलगी उभी राहिली.

"गाईंचं स्तान, तो गोठा," ती म्हणाली.

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ज्या घरात हा धातू नाही त्या घरची पोर हे सांगते, असं ते ह्यांच्याकडं वळून दोनदा बोलले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "इजाजत आहे, बाई. मराठी शिकवा, उर्दूही शिकवा."

मी पदर सावरून उभी होते आणि मला काही केल्या खाली बघवेना. मान ताठच राहिली. हे फलाटावर गेले आणि गाडीतल्या अनोळखी उतारूंनाही बातमी सांगत सुटले. संध्याकाळी मुलींच्या आया ओट्यावर आल्या, कुणी गूळ आणला, कुणी भुईमुगाच्या शेंगा. वाण्याच्या बायकोनं लेकीला माझ्यासमोर पुन्हा ते वाक्य म्हणायला लावलं.

दिवाळीनंतर इतक्या नव्या मुली आल्या की ओटा पुरेना. स्टेशनमास्तरांना विचारून आम्ही शाळा मालधक्क्यावर नेली आणि मालगाडी आली की सगळ्याजणी पाट्या उचलून बाजूला उभ्या राहू लागलो.