पद्माक्का आणि बंद झालेलं विमान

बंद झालेल्या विमानात बसायला मी एकदा नटूनथटून गोव्याला गेले होते. अंगावर नवी इरकल, पायांत पांढरे बूट, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. तेव्हा मी तरुण होते, बासष्टची. अक्कल यायची होती. चोर्ल्याचा घाट उतरताना माझा पुतण्या सन्मती गाडी चालवत भीत भीत म्हणाला, "काकू, एकदा फोन करून विचारू या का?" मी म्हणाले, "गप गाडी चालव. तुला बी तिनंच पढवलंय व्हय?"

ती म्हणजे पद्माक्का, माझी विहीण. माझ्या सुजाताची सासू. तोंडावर आम्ही दोघी अहोजाहो करायचो, पाठीमागं ती मला काय म्हणायची हे मला ठाऊक होतं, कारण मीही तेच म्हणायचे. टिळकवाडीत राहायची. कन्नड शाळेत हेडबाई होती, आणि निवृत्त झाल्यावर शाळा सुटली तरी छडी सुटली नव्हती.

जगातली कुठलीही गोष्ट विचारून खात्री केल्याशिवाय ती आहे असं पद्माक्का मानायची नाही. शहापुरात लुगडं घ्यायला जायचं तर आधी दुकानात फोन: "उघडलंय काय?" बसस्टँडवर गेली की चौकशीच्या खिडकीत विचारायची, मग कंडक्टरला विचारायची, आणि बसमध्ये बसल्यावर ड्रायव्हरला. मी एकदा म्हटलं, "रोजची गाडी हाय की हो ती!" तर चष्म्यावरून बघत, कानडीतला आदराचा 'री' लावून म्हणाली, "काल होती म्हणून आज असंल, असं कुठं लिहिलंय री?"

आमचं बिनसलं ते लग्नातच. निपाणीत कार्य, मांडव आमचा, आणि वाढप्यांनी उशीर केला. वरण-भात पानात पडतोय तोवर दिवस मावळला. आम्हीही जैनच, दिवस मावळल्यावर न जेवणारे, पण लग्नाच्या धांदलीत सूर्याकडे कोण बघतंय? पद्माक्का बघत होती. ती उठली, आणि तिच्यामागं वराकडची सगळी पंगत भरल्या ताटावरून उठली. मी हात जोडले. "विहीणबाई, आजचा दिवस." ती म्हणाली, "नियम म्हंजे नियम." त्या रात्री मी वाया गेलेला भात बघत ठरवलं, ही बाई माझं वाईटच करणार.

पुढं सुजाता नवऱ्याबरोबर, म्हणजे पद्माक्काच्या भरतबरोबर, इंग्लंडला गेली आणि तिला दिवस गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरचं. लेक येऊ शकत नव्हती, म्हणून माहेरानंच तिकडं जायचं ठरलं. फोनवर रडायची पोर. "आई, तू असल्याशिवाय मी बाळंतपणाला आत जायची न्हाय." मी म्हटलं, "वेडी का काय! मी तिथंच असणार."

आता, मला भीती वाटायची ती विमान बदलायची. मधल्या कुठल्या तरी परक्या विमानतळावर उतरा, इंग्रजी पाट्या वाचा, दुसरं विमान शोधा, हे मला झेपणारं नव्हतं. गोव्याहून लंडनला थेट विमान होतं. शेजारची कमळी त्यानंच गेलती. मीही तेच तिकीट काढलं आणि गल्लीभर सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी पद्माक्काचा फोन.

"विहीणबाई, तुमचं गोव्याचं विमान बंद झालंय. मार्गच काढून टाकलाय त्यांनी. मी कंपनीत विचारलंय, दोनदा. मुंबईवरनं काढा."

"माझ्याकडं तिकीट हाय की."

"तिकीट असंल. विमान न्हाय."

मी मनात हसले. डाव कळला मला. मी मुंबईच्या फेऱ्यात अडकायचं, आणि हिनं पुढं जाऊन बाळ आधी मांडीवर घ्यायचं! मी फोन ठेवला. कंपनीचा निरोप खरं तर आमच्या एजंटाच्या मेलवर येऊन पडला होता, पण एजंट भावाच्या लग्नात पडला होता.

विमानतळाच्या दारातल्या जवानानं माझं तिकीट बघितलं, मग मला बघितलं, मग डबा बघितला. "माताजी, यह तो बंद हो गया." मी म्हणाले, "नीट देखो." त्यानं नीट बघितलं. तरी बंदच होतं.

परतीच्या वाटेवर कणकुंबीला चहाला थांबलो. रेंज आली, आणि पहिला फोन कुणाचा यावा? तिचाच.

"झालं काय बघून?"

मी बशीत चहा ओतला.

"रागानं लाडू खाऊन संपवू नका, लागतील. भरतला परवाची दोन तिकिटं काढायला लावलंय, मुंबईवरनं. मधे एकदा बदलायचं."

"दोन? तुमचं तिकीट न्हवतं काढलं?"

"आधी पोरीच्या आईनं पोचायचं असतंय. मग सासूनं."

"म्हणजे माझ्यासाठी थांबलात?"

"तुमच्यासाठी कोण थांबतंय? नियमासाठी थांबले."

असल्या बाईबरोबर मी समुद्र ओलांडला. विमान पश्चिमेकडं पळत होतं आणि सूर्य काही मावळेना. जेवणाचे ट्रे आले तेव्हा माझ्या घड्याळात मुंबईची संध्याकाळ उलटून गेली होती. मला लग्नातला भात आठवला. "पद्माक्का, आपला दिवस मावळला बरं का. नियम म्हंजे नियम."

"खिडकीत दिसतोय तवर दिवस. जेवा गपचूप."

मी खिडकीची झडप खाली ओढली. "आता?"

तिनं माझ्या अंगावरून हात घालून झडप वर केली, आणि सूर्याकडं बघत बघत एकेक घास खाल्ला. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

मधल्या विमानतळावर तिनं तीन ठिकाणी विचारलं, "इज द लंडन प्लेन देअर? रिअली देअर?" लोक हसत होते. मी मात्र तिच्या पदराचं टोक मुठीत धरून मागं मागं चालत होते. शत्रूचा पदर फार घट्ट धरावा लागतो, हे मला तिथं कळलं.

लंडनला भरत एकटाच उभा होता. "आई, मुलगी झाली. आज पहाटे." त्यानं हे दोघींनाही सांगितलं, पण नजर माझ्याकडं होती. माझी लेक माझ्याशिवाय आत गेली होती. कंपनीला शिव्या द्याव्यात तर कंपनीनं कळवलं होतं. एजंटाला द्याव्यात तर दुसऱ्या कुणीतरी स्वतः फोन करून मला सांगितलं होतं. त्याच दिवशी ऐकलं असतं, तर मी तिथं असते.

दवाखान्यात सुजाता एवढंच म्हणाली, "आलीस?" आणि तोंड भिंतीकडं केलं. नर्सनं बाळ पुढं केलं ते पद्माक्काकडं, कारण तीच पुढं होती. ती दोन पावलं मागं सरली. दोन्ही हात पाठीमागं बांधून वर्गात बोलावं तशी म्हणाली, "नो. फर्स्ट, मदर्स मदर." बाळ माझ्या हातात आलं. ती तशीच उभी राहिली, मी पुरेसं रडेपर्यंत.

आम्ही मैत्रिणी झालो नाही. बारशाला नावावरून भांडलो, परतीला सामानावरून. गेल्या वर्षी ती गेली, तीही दिवस मावळायच्या आत. त्यातही नियम मोडला नाही.

पण त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तिला खरं सांगितलं होतं. म्हटलं, पद्माक्का, मला वाटलं मला मागं ठेवायला तुम्ही खोटं बोलताय. ती रागावली नाही. पर्समधून पुसायचं फडकं काढून तिनं चष्मा पुसला, परत घातला, आणि नापास पोरीकडं बघावं तसं माझ्याकडं बघत म्हणाली:

"तुम्हाला अडवायचंच असतं, विहीणबाई, तर मी म्हटलं असतं, विमान चालू हाय, बिनघोर जावा."