अ‍ॅड अ‍ॅसिड टू वॉटर

समीक्षाचा हात मी नळाखाली धरून ठेवला होता आणि ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्या तोंडाकडे पाहत होती. दाराशी वर्गातली मुलं गोळा झाली होती. कुणीतरी मुख्याध्यापकांना बोलवायला पळालं होतं.

"हात काढायचा नाही. पाणी वाहू दे," मी पुन्हा पुन्हा सांगत होते. माझ्या मनगटावरही थेंब उडाले होते. ते आता चुरचुरायला लागले, तेव्हा मीही मनगट त्याच धारेखाली सरकवलं.

मी विज्ञानाची शिक्षिका. मूळची अकोल्याची, जठारपेठेतली. बदली होऊन वरूड तालुक्यातल्या या जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये नुकतीच आले होते. शेंदूरजनाघाटच्या अलीकडचं गाव, तिन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा. शाळेत नववी-दहावीच्या दोन-दोन तुकड्या होत्या. एक साधी मराठीची, दुसरी सेमीची. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. गावातली मुलं कॉन्व्हेंटच्या पिवळ्या बसमध्ये बसून वरूडला जायला लागली, तेव्हा पट टिकवण्यासाठी गावंडे सरांनी ही तुकडी सुरू केली. सर आमचे मुख्याध्यापक. सेमीवर त्यांचा फार जीव. आणि सेमीचे मार्कही तसेच, विशेषतः विज्ञानात. गेटवर मुलांच्या फोटोंचा मोठा फ्लेक्स लावलेला होता.

समीक्षा वानखडे नववी सेमीची. वर्गात पहिली. वडील संत्र्याच्या गाड्या भरायच्या कामावर, आई तोडणीला. मी प्रश्न विचारला की हिचा हात आधी वर.

त्या दिवशी धडा होता आम्लांचा. प्रयोगशाळेत मी थोडंसं सल्फ्युरिक अ‍ॅसिड परीक्षानळीत घेतलं होतं. पाणी न मिसळलेलं, तीव्र. ते पातळ कसं करायचं हे दाखवायचं होतं. याचा नियम एकच. भरपूर पाण्यात अ‍ॅसिड थेंब थेंब टाकायचं. उलटं केलं, म्हणजे अ‍ॅसिडवर पाणी ओतलं, तर इतकी उष्णता निघते की पाणी जागच्या जागी उकळतं आणि अ‍ॅसिड उसळून अंगावर येतं.

"नियम कोण सांगेल?"

समीक्षा उभी राहिली. "ऑलवेज अ‍ॅड अ‍ॅसिड टू वॉटर, नेव्हर वॉटर टू अ‍ॅसिड." एक अक्षर चुकलं नाही.

"शाब्बास. ये पुढे, मदत कर मला."

तिला मी प्रयोगशाळेतला प्लॅस्टिकचा चष्मा घालायला लावला. मुलं हसली, तीही लाजली. मी ड्रॉपर घ्यायला बाजूला वळले. तेवढ्यात तिने पाण्याचं चंचुपात्र उचललं आणि परीक्षानळीत ओतलं.

फस्‌ असा आवाज झाला. मी तिला मागे ओढलं. नळी फुटली. चष्म्याच्या काचेवर ठिपके उडाले होते. चष्मा नसता तर पुढे काय लिहायची वेळ आली असती, याचा विचार मी आजही करत नाही.

गावंडे सर धावत आले. त्यांच्याच गाडीत आम्ही तिला वरूडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात उलटसुलट पाहिला. "वरवरचं आहे. लगेच पाण्याखाली धरलात ते बरं केलंत. भरून येईल." मलमपट्टी झाली. मी बाहेर बाकावर बसले.

समीक्षा शेजारी येऊन बसली. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम, माह्यं काय चुकलं? पुस्तकात हाय तसंच तं केलं मी."

"अगं, तूच तर म्हणालीस, अ‍ॅड अ‍ॅसिड टू वॉटर!"

"हो नं. तसंच केलं."

मला वाटलं, पोरगी घाबरून काहीतरी बोलते आहे. मी म्हणाले, "बरं, आता मला हे मराठीत सांग."

तिने चांगल्या हाताची बोटं एकेक करून दुमडली. "अ‍ॅड म्हंजे मिळवा. अ‍ॅसिड टू, म्हंजे अ‍ॅसिडले. वॉटर म्हंजे पाणी. अ‍ॅसिडले पाणी मिळवा."

मी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं.

"आणि नेव्हर वॉटर टू अ‍ॅसिड?"

"पाण्याले अ‍ॅसिड नाई मिळवायचं, कधीच."

तिचं तर्कशास्त्र अगदी चोख होतं. आपल्या भाषेत 'ला' किंवा 'ले' शब्दाच्या मागून येतो. रामले, गायले, पाण्याले. इंग्रजीत तो 'टू' शब्दाच्या आधी येतो आणि पुढच्या शब्दाला लागतो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने 'टू' मागच्या शब्दाला चिकटवला, आणि सगळं वाक्य उलटं झालं. परीक्षेत त्या वाक्याला पूर्ण मार्क होते. हाताने ते केलं तेव्हा अ‍ॅसिड अंगावर आलं.

रात्रभर मी स्वतःला समजावत राहिले की ही एकट्या पोरीची गफलत आहे. सकाळी सेमीच्या वर्गात गेले. फळ्यावर तेच वाक्य लिहिलं आणि विचारलं, "कशात काय टाकायचं? मराठीत सांगा."

"अ‍ॅसिडमध्ये पाणी!" जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात ओरडला. काल काय झालं हे डोळ्यांनी पाहिलेली मुलं होती ती. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पण मॅडम, काल तं तसं केल्यावरच उडालं." शेजारच्याने त्याला गप्प केलं. "पुस्तकात तेच हाय ना बे."

शेजारच्या मराठी तुकडीत जाऊन मी तोच प्रश्न मराठीत विचारला. तिथली पोरं, ज्यांना शाळेत सगळे 'ढ तुकडी' म्हणत, सहज म्हणाली, "पाण्यात अ‍ॅसिड, हळूहळू."

मी तडक गावंडे सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं.

"इंगळे मॅडम, तुमी नवीन आहात," ते म्हणाले. "पोरं घाबरली असतील. सेमीचे मार्क पाहिले ना तुमी?"

"सर, मार्कच पाहून मी तिला टेबलाशी बोलावलं होतं."

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग उठले. "चला. मी विचारतो."

सर स्वतः मराठीचे शिक्षक. त्यांनी विज्ञानाला हातच घातला नाही. वर्गात उभे राहिले आणि हसून म्हणाले, "अरे, साधं सांगा. भाजीत मीठ टाका, इंग्रजीत कसं म्हणाल?"

पहिल्या बाकावरून उत्तर आलं. "अ‍ॅड व्हेजिटेबल टू सॉल्ट, सर."

"तू सांग."

"अ‍ॅड व्हेजिटेबल टू सॉल्ट."

सरांनी आणखी दोघांना उभं केलं. मग धड्यातलंच एक वाक्य विचारलं, हृदय फुप्फुसांना रक्त पाठवतं हे सांगणारं. निम्म्या वर्गाच्या मते फुप्फुसं हृदयाला रक्त पाठवत होती. उरलेल्या निम्म्यांना 'लंग्ज' म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आकृती मात्र सगळ्यांना काढता येत होती. नावांसकट.

सर रिकाम्या बाकावर बसले. मुलांच्याच बाकावर, गुडघे वर घेऊन. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"अरे बाप्पा," ते हळू आवाजात म्हणाले. "हे पोट्टे काय वाचून राहिले इतके दिवस?"

दुपारी समीक्षाचे आईवडील आले. मी मनाची तयारी केली होती. तक्रार होईल, चौकशी लागेल, कदाचित निलंबनही. वडील खुर्चीत बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, हाताचं काई नाई. भरून येईन तो. पण गावात बोलून राहिले का तुमी सेमी बंद करून राहिल्या. तेवढं करू नका."

मी म्हणाले, "अहो, तुमच्या मुलीचे डोळे जाता जाता वाचले."

"ते समजलं मले. पण सेमी बंद झाली तं तिले वरूडले टाका लागन. तिथं टाकाची माही ऐपत नाई. ती इथं पयली हाय, मॅडम."

आई इतका वेळ समीक्षाच्या पट्टीकडे पाहत होती. ती म्हणाली, "मले एक सांगा. तिले समजतच नाई, तं तिले मार्क कावून देता तुमी?"

गावंडे सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. चाचणीतले प्रश्न स्वाध्यायातलेच असत. उत्तरं गाइडमधली. पोरं ती तोंडपाठ लिहीत, आम्ही शब्दाला शब्द जुळला की बरोबरची खूण करत असू. यात कॉपी नव्हती, फसवणूक नव्हती. शिकवणारे शिक्षकही मराठीत शिकलेले. पुस्तकातलं वाक्य वाचायचं, त्याखाली रेघ मारायला सांगायचं आणि पुढे जायचं, अशी पद्धत पडून गेली होती.

"ताई, चूक आमची आहे," सर म्हणाले. "सेमी बंद नाई करत. पण या वेळी पेपर वेगळा काढतो. मार्क कमी पडले तं घाबरू नका."

सहामाहीला आम्ही स्वाध्यायातला एकही प्रश्न घातला नाही. प्रश्न इंग्रजीतच होते, पण उत्तर कुठल्याही भाषेत लिहायची मुभा दिली. मराठी, वऱ्हाडी, जे येईल ते. पेपर तपासताना मी दोन वेळा उठून चहा करून घेतला. सेमीची बहुतेक तुकडी नापास होती. समीक्षा काठावर.

गावात आरडाओरड झाली. काही पालकांनी दाखले काढले आणि मुलं पिवळ्या बसमध्ये बसवली. वरिष्ठांचा फोन आला. "निकाल अचानक का घसरला?" सरांनी मला समोर बसवून उत्तर दिलं, "साहेब, घसरला नाई. आमी पहिल्यांदाच पाहिला."

त्यानंतर आम्ही तासाची रीत बदलली. प्रत्येक नवी गोष्ट आधी मराठीत. मग एका मुलाने ती उभं राहून वऱ्हाडीत वर्गाला सांगायची. जमलं तरच इंग्रजी वाक्य फळ्यावर, आणि त्याचा एकेक शब्द सोडवायचा. इंग्रजीचे सर आठवड्यातून काही तास विज्ञानाच्या वर्गात येऊन बसू लागले. 'टू', 'फ्रॉम', 'इन', 'बाय' यांनीच आमचे कितीतरी तास खाल्ले. अभ्यासक्रम मागे पडला. पोरं वैतागली. समीक्षा सगळ्यात जास्त. "मॅडम, आधी मले सगळं येत होतं," असं ती एकदा चिडून म्हणाली आणि मग स्वतःच हसली.

दहावीत सेमीचा निकाल बरा लागला. डोळे दिपावेत असा नाही. शाळेत पहिला आला तो मराठी तुकडीतला मुलगा. समीक्षा पहिल्या पाचांतही नव्हती, पण तिने पेपरात काय लिहिलं ते तिला कळत होतं. तिने अकरावीला सायन्स घेतलं, वरूडच्या एका कॉलेजात. तिथे सगळंच इंग्रजीतून.

परवा तिचा फोन आला. मी विचारलं, "कसं चाललंय? समजतंय ना?"

"नाई समजलं तं मी उभी राहून विचारते, मॅडम. पूर्ण वर्गात मी एकटीच विचारते."

"आणि बाकीचे? त्यांना समजतं?"

"काय माईत. ते पाठ करून राहिले."

मी फोन ठेवला. ज्या मुलाला येत नाही त्याच्याकडे शिक्षकाचं लक्ष जातंच. भरभरून मार्क मिळवणाऱ्याला मात्र "म्हणजे काय?" असं कुणी विचारत नाही. विचारून पाहावं. उत्तर ऐकताना शक्यतो खुर्चीत बसावं.