हनीफचाचांची चूक

हनीफचाचांच्या पाया पडायला कोणी वाकलं, की ते टुणकन उडी मारून मागे सरायचे. साठी उलटलेला, गुडघ्यांनी बेजार झालेला माणूस. पण समोरचा वाकताना दिसला रे दिसला, की हे दोन हात मागे. एकदा असे सरले, की थेट रॉकेलच्या डब्यावर जाऊन बसले. आर्णीच्या बसस्टँडजवळ त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून माझं शिलाईचं. त्यामुळे ही उडी मी वीस वर्षं फुकटात पाहिली.

"पुष्पाबाई, समजावून सांगा तुमच्या लोकायले," ते पायजमा झटकत म्हणायचे. "झुकाचं त एकापुढंच. अन् तो एक म्हंजे मी नाही."

मी काय समजावणार? आमच्या बंजारा तांड्यात वडीलधाऱ्याच्या पाया पडल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. लोकही हट्टी आणि चाचाही.

त्यांच्या दुकानात एकही तसबीर नव्हती. पैगंबरांचीसुद्धा का नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी छातीवर हात ठेवला, हळू आवाजात त्यांच्यासाठी दरूदची दुआ म्हटली आणि मग सांगितलं, "उद्या लोक त्यायलेच हात जोडतीन, म्हणून. ते खुदा नव्हते, पुष्पाबाई. माणूस होते. अल्लाचा निरोप त्यायनं आणला, पण भूक त्यायलेबी लागे. बाजारात जात, फाटलेली चप्पल सोताच्या हातानं शिवत." मला ते फार आवडलं. त्या दिवसापासून कोणाचं फाटकं शिवायला आलं, की मी कुरकुर कमी केली.

चाचा कुठल्याही कामाच्या आधी 'बिस्मिल्लाह' म्हणत. पंप खोलताना, चहाचा कप उचलताना, कुलूप लावताना. घोळ झाला तो यातूनच. बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी पोखरायला सुरुवात केली त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं, विनोदचं शेत तेवढं बरं राहिलं. त्यानं पेरलं लवकर, वेचलं लवकर. पण हे कारण त्यालाच पटेना. पंप चाचांनी दुरुस्त केलेला, आणि खोलताना ते काहीतरी पुटपुटले होते. झालं! विनोदनं तांडाभर सांगितलं, की चाचांच्या बोलण्यानं अळी मरते.

पुढच्या हंगामात लोक चांगले चालू पंप घेऊन यायला लागले.

"काय बिघडलं?" चाचा विचारत.

"काही नाही जी. फक्त तेवढं म्हणून द्या."

"अरे, पोहे खातानीबी म्हणतो मी. पोह्याचं काय भलं झालं?"

लोक हसत आणि पंप तिथंच ठेवून जात. एकानं नारळ आणला. चाचांनी तो माझ्याकडे ढकलला आणि मी त्याची चटणी केली. मलाही तोवर ही सगळी गंमतच वाटत होती.

मग विनोद पडला. भर दुपारी, तोंडाला फडकं नाही, अंगात नुसतं बनियन, अशा थाटात तो फवारत होता. आईनं टोकलं तर म्हणाला, "चाचानं बोलून देल्लं, मले काय होते?" संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. यवतमाळच्या दवाखान्यात दोन दिवस त्याला मी ओळखू येत नव्हते. वारं फिरलं, औषध अंगावर आलं, असं सगळे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला आणि मी दुकान उघडायला आर्णीला परतले. चाचांनी विनोदचा पंप मागवून घेतला होता. त्यांनी तो खोलला. मग मला हाक मारली. "हा वायसर पाहा. उलटा आहे. म्याच बसवला." टाकीखालच्या जोडातून औषध दिवसभर विनोदच्या पाठीवर ठिबकत होतं. मला चाचांचा भयंकर राग आला, खोटं कशाला सांगू? पण तो पंप दुसरं कोणी खोलणार नव्हतं. ते गप्प राहिले असते तर ही गोष्ट मलासुद्धा कधी कळली नसती. आणि सांगितल्यावर पंप कोण आणणार, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

त्याच दुपारी ते माझ्याबरोबर दवाखान्यात आले. विनोदच्या खाटेभोवती अर्धा तांडा होता. सगळ्यांदेखत त्यांनी तो वायसर दाखवला आणि काय झालं ते सांगितलं.

विनोद ऐकेचना. "तुमची चूक होऊच शकत नाही, चाचा."

"अरे, झाली न."

"नाही होऊ शकत."

वीस वर्षांत पहिल्यांदा चाचांचा आवाज चढला. "काहून नाही होऊ शकत? ज्याची चूक होत नाही तो एकच आहे, वर. मले त्याच्या जागेवर नको बसवू, बेटा. तुह्या जिवावर आलतं, अन् हे पाप माह्यावर लागन."

त्यांचे डोळे भरले होते. विनोदनं त्यांच्या हातातला वायसर घेऊन उलटसुलट पाहिला. मग हळूच म्हणाला, "बरं. तुमची चूक आहे, चाचा."

"माफ कर मले."

"केलं. पण फडकं म्या बांधलं नाही, ते माही चूक."

बक्षीस मिळाल्यासारखे चाचा हसले. मीही हसले आणि रडले, दोन्ही. दोन महिने त्यांच्याकडे पंप आले नाहीत. नंतर यायला लागले, तेव्हा ते प्रत्येक पंप पाणी भरून गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवत आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाला फडकं बांधल्याशिवाय तो हातात देत नसत. त्या फडक्यांपायी माझ्या दुकानातली कापडाची कटपीस संपवत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चाचा गेले. आमच्या तांड्याची ट्रॅक्टर-ट्रॉली भरून माणसं आली. दफन आटोपलं. आम्ही बाया कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभ्या होतो. काहींच्या हातात नारळ होते, एकीनं हिरवी चादर आणली होती, आणि कबरीपाशी ओटा बांधून पेरणीआधी सगळे पंप आणून ठेवू, असं कोणीतरी म्हणत होतं.

विनोद फाटकात आडवा उभा राहिला.

"चाचासाठी मांगा," तो म्हणाला. "चाचाले काही मांगू नका."

आईनं हातातला नारळ पिशवीत परत ठेवला, वर पाहिलं, आणि आमच्या गोरबोलीत चाचांसाठी मागायला सुरुवात केली.